ज्या दुःखाला विधीच नाही त्याचं काय करायचं? इन्स्टॉलेशन आर्ट, नाती आणि आयुष्यातले उंबरठे

घरातलं माणूस गेलं की पुढचे दहा-तेरा दिवस काय करायचं हे घरच्यांना ठरवावं लागत नाही. कुणीतरी मोठं माणूस नाहीतर गुरुजी सांगत जातात, इथे बस, तिकडे तोंड कर, हे सोड, ते उचल, दहाव्याला घाटावर जा आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांब. त्या दिवसांत डोकं चालत नसतं आणि ते चालावं अशी कुणाची अपेक्षाही नसते, हातांना काम मिळतं आणि त्या कामातून हळूहळू आत उतरत जातं की माणूस खरंच गेलंय. जात-धर्म बदलला की पद्धत बदलते पण असं काहीतरी असतंच. आणि हे फक्त मरणाचं नाही, मुंजीत मातृभोजन असतं तेव्हा आई आणि मुलगा एका ताटात जेवतात आणि त्यानंतर तो मुलगा आईच्या पदराखालचा राहिला नाही असं सगळ्यांनी मानायचं असतं, लग्नात अंतरपाट धरतात तेव्हा ती दोघं कापडाच्या दोन बाजूंना उभी असतात, ना धड आधीच्या घरची ना धड पुढच्या.

आर्नल्ड व्हॅन जेनेप नावाच्या अभ्यासकाने १९०९ साली फ्रेंचमध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि त्याने सांगितलं की जगभरातल्या अशा विधींचे साधारण तीन भाग पडतात. आधी माणसाला जुन्या जागेपासून तोडायचं, मग काही काळ मधल्या उंबरठ्यावर ठेवायचं, आणि मग नव्या जागी सामावून घ्यायचं. अंतरपाट म्हणजे तो मधला भाग, सुतकाचे दिवस म्हणजेही तो मधला भाग. आता यातून माझ्या मनात जो प्रश्न येतो तो असा, की ज्या प्रसंगाला समाजाने विधीच दिलेला नाही तिथे माणसाने काय करायचं? सहा वर्षांचं नातं एका ईमेलवर संपलं, त्याचा दहावा कोण घालणार? बाळ जन्मालाच आलं नाही. आयुष्यभर सोबत राहिलेला जोडीदार गेला पण तो तुमचा नवरा होता हे कायद्याला मान्यच नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या चांगल्या इन्स्टॉलेशन आर्टचा मोठा भाग मला तरी याच प्रश्नाला दिलेलं उत्तर वाटतं, म्हणजे विधी नाही ना, मग तो मी तयार करते किंवा करतो.

आधी इन्स्टॉलेशन म्हणजे काय ते पटकन बघू. मराठीत कलासमीक्षक मांडणशिल्प म्हणतात. चित्र आपण समोर उभं राहून बघतो, इन्स्टॉलेशनमध्ये आपण आत शिरतो. एखादी खोली, हॉल, गोडाऊन, कधी रस्ता, तिथे वस्तू, उजेड, आवाज, वास, व्हिडिओ असं काहीही वापरून जागाच घडवलेली असते आणि बघणारा माणूस त्यात चालतो, वाकतो, कधी काही उचलतो. कलाकाराने वस्तू स्वतःच्या हाताने बनवलेली असायलाच हवी असं नाही, बाजारातून आणलेलीही चालते, म्हणून लोक चिडतात की यात कला कुठे आहे. पण विचार करा, पूजेतला तांब्या पण दुकानातूनच आणलेला असतो. कुठे ठेवला, कोणत्या क्रमाने, कोणी उचलला आणि कोणासमोर, यामुळे त्याचं काहीतरी वेगळं होतं. विधीला वस्तू लागते, नियम लागतो आणि साक्षीदार लागतात. इन्स्टॉलेशनला नेमकं हेच तीन लागतं, आणि साक्षीदार म्हणजे तुम्ही आम्ही तिकीट काढून आत गेलेली माणसं.

आता सगळ्यात स्पष्ट उदाहरण. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस, जन्म १९५७ क्युबामध्ये, काम न्यूयॉर्कमध्ये. त्याचा जोडीदार रॉस लेकॉक १९९१ मध्ये एड्सने गेला. त्या काळात अमेरिकेत दोन पुरुषांचं लग्न कुठल्याच राज्यात कायदेशीर नव्हतं, एड्सबद्दल भीती आणि तिरस्कार इतका होता की आजारी माणसाला हात लावायला लोक कचरायचे. मग अशा वेळी मागे राहिलेला माणूस कोण? विधुर म्हणून त्याला कुणी बसवणार नाही, भेटायला येणारे लोक काय बोलायचं ते न कळून गप्प. त्याच वर्षी फेलिक्सने एक काम केलं जे आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. कोपऱ्यात रंगीत चकचकीत कागदात गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग, लहान मुलांना वाटतात तशा साध्या बाजारातल्या गोळ्या. ढिगाचं आदर्श वजन १७५ पाउंड, म्हणजे साधारण ७९ किलो, एका धडधाकट पुरुषाचं. कामाला नाव दिलेलं नाही, पण नावाच्या जागी पुढे जोडलंय 'पोर्ट्रेट ऑफ रॉस इन एल.ए.'.

नियम असा की येणाऱ्या कुणीही गोळी उचलायची, कागद सोडवायचा आणि खायची. एवढंच. दिवसभर लोक उचलतात आणि ढीग कमी होत जातो, जसं आजाराने रॉसचं वजन उतरत गेलं तसं. तुम्ही हसत हसत गोळी तोंडात टाकता आणि मग पाटी वाचता आणि तोंडातला गोडवा तसाच असतो पण तो आता कुणाचा तरी आहे, ज्या शरीराला हात लावायला जग घाबरत होतं त्याचा एक तुकडा तुम्ही प्रसाद घ्यावा तसा घेतलाय. आणि यातला सगळ्यात भारी भाग मला वाटतो तो पुढचा, की ढीग संपला तरी म्युझियम तो परत भरू शकतं, गोळ्यांचा पुरवठा न संपणारा आहे असं त्या कामातच गृहीत धरलेलं आहे. म्हणजे संपणं आणि परत येणं दोन्ही एकाच नियमात बसवलंय. फेलिक्सचे वडीलही रॉसच्या पाठोपाठ त्याच वर्षी गेले, त्यांच्यासाठीही ढीग केला, पांढऱ्या गोळ्यांचा, आणि वजन तेच, १७५ पाउंड. प्रियकर आणि बाप एकाच मापाने मोजले. कुठल्या धर्मात दोघांना सारखं स्थान मिळालं असतं सांगा बरं.

त्याची दोन घड्याळांची पण कलाकृती आहे, ऑफिसात असतात तशी भिंतीवरची दोन सारखी गोल घड्याळं एकमेकांना टेकवून लावलेली, एकाच वेळेवर सुरू केलेली. बॅटरीवर चालतात त्यामुळे हळूहळू एक पुढे जातं एक मागे पडतं. ही कल्पना त्याने रॉस जिवंत असतानाच मांडली होती. कोण आधी थांबणार हे माहीत असताना रोज एकत्र जगायचं, हे दोन स्वस्त घड्याळांत आलंय, मला तरी यापेक्षा खरं प्रेमाचं चित्र आठवत नाही. १९९६ मध्ये तोही एड्सनेच गेला, चाळिशी पण गाठली नाही.

दुसरं उदाहरण आपल्या घरांच्या फार जवळचं आहे, फक्त ते बीजिंगमध्ये घडलं. साँग डाँग, जन्म १९६६. २००२ मध्ये त्याचे वडील अचानक गेले आणि आई, झाओ शियांगयुआन, कोलमडली. तिने आयुष्यभर काटकसरीत संसार केलेला, जिथे कापड, साबण, धान्य सगळं कुपनावर मिळायचं तो काळ, त्यामुळे काहीही न टाकण्याची सवय. नवरा गेल्यावर ती सवय वाढून तिने घर इतकं भरून टाकलं की चालायला जागा नाही. मुलांनी आवरायला घेतलं की ती दुखावायची. आपल्याकडेही आईने जपलेले श्रीखंडाचे डबे टाकायला काढले की घरात जे होतं ते ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. साँग डाँगच्या लक्षात आलं की ही पसारा घालत नाहीये, ही पोकळी बुजवतेय. मग त्याने आईला सांगितलं की आपण हे सगळं मांडू, तू आणि मी मिळून.

२००५ मध्ये बीजिंगमध्ये पहिल्यांदा ते मांडलं गेलं, इंग्रजीत 'वेस्ट नॉट' म्हणून ओळखलं जातं. दहा हजारांच्या वर वस्तू. घराचा लाकडी सांगाडा मध्ये आणि त्याभोवती जमिनीवर प्रकारानुसार लावलेल्या गोष्टी, पिळून सपाट झालेल्या टूथपेस्टच्या ट्यूबा, बाटल्या, झाकणं, बूट, घमेली, कापडाच्या चिंध्यांच्या घड्या, प्लास्टिकच्या पिशव्या त्रिकोणी घडी घालून ठेवलेल्या. त्यात वाळून दगड झालेल्या साबणाच्या वड्या पण आहेत. त्यांची गोष्ट अशी की आईने रेशनचा साबण वर्षानुवर्षं साठवला होता, पोरांना पुढे आपल्यासारखी साबणाची चिंता नको म्हणून, आणि मुलाच्या लग्नात तो त्याला द्यायला काढला तर मुलगा म्हणाला माझ्याकडे वॉशिंग मशीन आहे, मला नको. आईने तो परत ठेवून दिला, त्याच्यासाठीच. कितीतरी वर्षांनी त्याला ते कळलं. लग्नातला आहेर नाकारला गेला होता आणि तो इतक्या वर्षांनी, हजारो लोकांसमोर, म्युझियमच्या फरशीवर स्वीकारला गेला. मी साबणाच्या वडीचा फोटो इतक्या वेळ कधी बघत बसेन असं वाटलं नव्हतं.

पण माझ्या मते खरं काम वस्तूंनी केलं नाही, त्या मांडण्याच्या कामाने केलं. आई स्वतः वस्तू लावायची, प्रदर्शनात बसायची, येणाऱ्यांशी बोलायची, आणि येणारे तिच्या वयाचे लोक म्हणायचे हे तर आमच्याही घरात होतं. घरात कोंडून घेतलेली बाई परत चार माणसांत आली. व्हॅन जेनेपचा तिसरा भाग म्हणजे सामावून घेणं, ते इथे अक्षरशः झालं. वर निऑनच्या अक्षरांत साँग डाँगने वडिलांसाठी निरोप लावला, बाबा काळजी करू नका, आई आणि आम्ही सगळे ठीक आहोत, अशा अर्थाचा. आई २००९ मध्ये गेली आणि त्याच वर्षी हे काम न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागलं, आता मांडायला मुलगा, मुलगी आणि सून. ते प्रत्येक वेळी नव्याने मांडावं लागतं, म्हणजे वर्षश्राद्धासारखंच झालं म्हणा ना, घरातली माणसं जमतात, तिच्या वस्तूंना हात लावतात, परत घडी घालून ठेवतात.

त्याच साँग डाँगने १९९७ मध्ये वडिलांबरोबर पण काम केलं होतं. बापलेकात अंतर, एकमेकांना हात लावायची सवय नाही. मग त्याने स्वतःच्या हाताचा व्हिडिओ वडिलांच्या अंगावर प्रोजेक्ट केला, उजेडाचा हात बापाच्या छातीवर फिरतोय. वडील बसून राहिले आणि थोड्या वेळाने त्यांनी आधी जॅकेट काढलं, मग शर्ट. आपल्याकडच्या किती बापलेकांना असा उजेडाचा हात मिळाला असता तर बरं झालं असतं.

मुंबईचा जितीश कल्लाट घ्या. त्याचे वडील २ एप्रिल १९३६ ला जन्मले आणि २ डिसेंबर १९९८ ला गेले. २०१०-११ मध्ये केलेल्या 'एपिलॉग' या कामात त्याने त्या दोन तारखांच्या मधले सगळे चंद्र मांडले, ६२ वर्षं आणि ८ महिने, २२,८८९ चंद्र. आणि चंद्र म्हणून काय, तर चपातीचे फोटो, काळ्या पार्श्वभूमीवर, कुठे पूर्ण गोल, कुठे अर्धी खाल्लेली, कुठे नुसती कोर उरलेली. एका फ्रेममध्ये एक महिना, अशा ७५३ फ्रेम. भाकरी आणि चंद्र यांचं नातं मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, पण इथे त्याचं गणित झालंय आणि त्या गणितानेच गळा दाटतो. फ्रेमांमागून फ्रेमा चालत जायचं, पोट भरतं, रिकामं होतं, परत भरतं, नोकरी, लग्न, मुलं सगळं त्यातच कुठेतरी झालं असणार पण ते कुठे ते दिसत नाही, दिसतात फक्त रात्री आणि घास. आणि मग एका ठिकाणी फ्रेमा संपतात. मुलाने वडिलांबद्दल एक शब्द सांगितलेला नाही, त्यांचा फोटोही नाही, आणि तरी बाहेर पडताना तुम्ही तुमच्या वडिलांचे चंद्र मोजायला लागता.

इथे नियम किती कडक आहे बघा. रोज एक चंद्र, महिन्याला एक फ्रेम, अधे-मधे कुठे सूट नाही, आवडता महिना मोठा काढायचा नाही. मला वाटतं स्वतःच्या दुःखाचं इन्स्टॉलेशन करताना हाच फरक पडतो. नुसतं आईचं कपाट उघडून गॅलरीत ठेवलं तर लोक दोन मिनिटं हळहळतात आणि पुढे जातात. नियम असला की दुःख मोजलं जातं, त्याला सुरुवात आणि शेवट येतो, परक्या माणसाला त्यात शिरायला वाट मिळते.

आईपणाच्या उंबरठ्यावर असंच कडक काम मेरी केली या बाईने केलं, लंडनमध्ये, १९७३ ते १९७९. 'पोस्ट-पार्टम डॉक्युमेंट'. मुलगा जन्मल्यापासून तो स्वतःचं नाव लिहायला शिकेपर्यंतची नोंद. सुरुवातीच्या भागात बाळाच्या वापरलेल्या लंगोटांच्या आतले कागद फ्रेम करून लावलेत आणि प्रत्येकाखाली त्या दिवशी बाळाने काय काय खाल्लं ते छापलंय, बाळ दुधावरून अन्नावर यायचा तो काळ, आपल्याकडचं उष्टावण. १९७६ मध्ये हे लंडनच्या आयसीए गॅलरीत लागलं तेव्हा पेपरवाल्यांनी प्रचंड गदारोळ केला, लंगोट म्हणजे कला का म्हणून. पण उष्टावणात आपण चांदीची वाटी आणि मामाची मांडी बघतो, दुसऱ्या दिवशी ती आई काय बघत असते? शी बरोबर झाली का नाही हेच. तिची सगळी काळजी, आपण चुकतोय का ही भीती, त्या डागात आहे, आणि ते कुठल्याच समारंभाच्या फोटोत येत नाही. शेवटच्या भागात पाटीच्या दगडासारख्या तुकड्यांवर मुलाची अक्षरं येतात, त्याने नाव लिहिलं की काम संपतं, कारण आता तो आईच्या नोंदीत मावत नाही.

ब्रिटिश कलाकार ट्रेसी एमिनच्या तंबूबद्दल थोडक्यात. १९९५ मध्ये केलेला, आत शिवलेली १०२ नावं, ज्यांच्या ज्यांच्या शेजारी ती आयुष्यात झोपली त्या सगळ्यांची. लोकांनी त्याचा एकच अर्थ घेतला आणि चघळत बसले, पण आत वाकून बघितलं तर तिची आजी होती, जुळा भाऊ होता, आणि जन्माला न आलेल्या दोन बाळांनाही जागा होती. २००४ मध्ये लंडनमधल्या गोडाऊनच्या आगीत तो जळून गेला. त्या दोन बाळांसाठी दुसरं कुठे काय होतं, तर काहीच नाही, तेवढं एक शिवलेलं कापड.

आपल्या इथली रुमाना हुसेन यासाठी फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल मराठीत खूप कमी बोललं जातं. ती चित्रं काढायची, पण १९९२-९३ च्या काळात मुंबई जळाली आणि त्यानंतर तिने फुटलेली मडकी, माती, घरातल्या वस्तू असं वापरून काम सुरू केलं, आपण या शहराचे म्हणून इतकी वर्षं जगलो आणि अचानक आपल्याला फक्त मुसलमान म्हणून बघतायत, हा पण एक उंबरठाच, तोही ढकलून ओलांडायला लावलेला. मग तिला कॅन्सर झाला. शेवटचं मोठं काम १९९९ चं, 'अ स्पेस फॉर हीलिंग', त्यात शिरलं की आपण हॉस्पिटलच्या वॉर्डात आहोत का दर्ग्यात ते कळत नाही. त्याच वर्षी ती गेली. स्वतःच्या जाण्याची खोली स्वतः लावून ठेवली आणि ती फक्त स्वतःपुरती ठेवली नाही, तिच्या शरीराचं आजारपण आणि शहराचं आजारपण एकाच खोलीत ठेवलं.

आता एक अवघड मुद्दा, तो टाळून चालणार नाही. नातं दोघांचं असतं, मग एकट्याने ते जगासमोर मांडायचा हक्क कुणी दिला? सोफी काल ही फ्रेंच कलाकार यात सगळ्यात पुढे गेलेली. तिला प्रियकराने ईमेलवर नातं तोडल्याचं कळवलं आणि शेवटी लिहिलं की काळजी घे. तिने ते ईमेल १०७ बायकांना दिलं, यात दोन बाहुल्या आणि एक पोपटीण पण धरलीय, आणि सांगितलं की तुमच्या तुमच्या व्यवसायाच्या नजरेने हे वाचा. वकील, न्यायाधीश, प्रूफरीडर, बुद्धिबळपटू, गायिका, भरतनाट्यम करणारी नर्तकी, सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने ते सोलून काढलं. २००७ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, फ्रान्सच्या दालनात हे लागलं. मला यात सूड वाटत नाही. आपल्याकडे मुलीचं मोडलं की आत्या, मावश्या, शेजारणी जमतात आणि प्रत्येक वाक्याचा कीस काढतात, तसं ते आहे फक्त ते १०७ जणींपर्यंत वाढवलंय, आणि इतक्या वेळा वाचून ते पत्र शेवटी नुसतं कागद होऊन जातं, त्याच्यातला दंश निघून जातो. त्या माणसाचं नाव तिने जाहीर केलं नाही, ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण त्याच बिएनालेत तिचं दुसरं काम होतं, आईच्या मृत्यूचं. आईचे शेवटचे शब्द आपण जवळ नसताना निघून जातील या भीतीने तिने खाटेपाशी कॅमेरा लावून ठेवला होता. त्यातून जी फिल्म झाली त्यात आई गेली तो नेमका क्षण कुठला हे खोलीतल्यांनाही कळत नाही, कॅमेऱ्यालाही पकडता येत नाही. हे बघायला मिळावं का, याबद्दल माझं मत अजूनही अर्धं अर्धं आहे. तिथे रॉसच्या गोळ्यांसारखी माझ्या हाताला काही कृती नाही, मी फक्त बघतोय, आणि मरणाऱ्या माणसाकडे नुसतं बघत राहणं मला अवघड जातं. आपल्याकडे अशा वेळी निदान तोंडात पाणी घालायला हात पुढे करता येतो. म्हणून मला स्वतःला ती कामं जवळची वाटतात ज्यात आलेल्या माणसाला काहीतरी करायला दिलंय, उचल, चाल, वाक, मोज.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर लांब जायची गरज नाही. पणजीत २०१६ पासून डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो, कोचीत २०१२ पासून कोची-मुझिरिस बिएनाले सुरू झालं, मुंबईत एनजीएमए म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. आत गेल्यावर आधी अर्थ शोधू नका, आधी बघा की तुमच्या शरीराला काय करायला लावलंय. मग शेजारची पाटी वाचा आणि तीत माध्यम म्हणून जे लिहिलेलं असतं ती ओळ सोडू नका, कारण बरेचदा कलाकाराने खरं तिथे सांगून ठेवलेलं असतं, कुठली वस्तू, किती वजनाची, कुणाच्या घरातून आणलेली. आणि उचलायला परवानगी आहे असं लिहिलं असेल तर संकोच न करता उचला, तुम्ही उचललं नाहीत तर ते काम अर्धंच राहतं.